पहिल्या शर्यतीआधीची तयारी

जिल्हास्तरीय शालेय जलतरण स्पर्धेत चौदा वर्षांखालील गटाच्या शर्यती नीट पाहिल्या, की एक गोष्ट खटकते. पहिल्यांदाच उतरलेली मुले दमण्याआधी गोंधळतात. शिट्टी झाली तरी ब्लॉकवर चढावे की थांबावे, हे त्यांना कळत नाही. कोणी ब्रेस्टस्ट्रोक सुरेख पोहून शेवटी एकाच हाताने भिंत गाठतो आणि बाद होतो. रोज तासभर पाण्यात घाम गाळलेल्या मुलाच्या वाट्याला हे यावे, याचा दोष त्याच्याकडे नाही. आपण त्याला वेग शिकवला, शर्यत शिकवली नाही.

शर्यतीची रीत ठरलेली आहे. आधी छोट्या शिट्ट्या होतात, त्या तयार राहण्यासाठी. मग एक लांब शिट्टी. ती झाली की ब्लॉकवर चढायचे. बॅकस्ट्रोकला या लांब शिट्टीवर पाण्यात उतरायचे आणि दुसऱ्या लांब शिट्टीवर भिंतीशी येऊन पकड घ्यायची. ‘टेक युवर मार्क्स’नंतर सगळे स्थिर झाले, की इशारा होतो. त्याआधी सुटणारा बाद ठरतो, त्याला दुसरी संधी मिळत नाही. हे सगळे ऐकून कळते, पण अंगवळणी पडायला सराव लागतो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे, शेजारच्या लेनमध्ये दुसरी मुले उभी करून आणि खरी शिट्टी वाजवून तो घेतला, तरी पुष्कळ भीती जाते.

ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये प्रत्येक टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. सरावात मूल दमून एका हाताने कठडा धरते आणि सर ते चालवून घेतात; स्पर्धेत तेच नडते. बॅकस्ट्रोकच्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. भिंतीपासून पाच मीटरवर पताकांची दोरी असते. तिथून भिंतीपर्यंत आपले हात किती पडतात, हे मुलाला पाठ हवे. नाहीतर ते डोके आपटून घेते किंवा वळून पाहायला जाते आणि शेवटच्या क्षणी पालथे होऊन बाद होते. उंची वाढली की हा आकडा बदलतो, म्हणून तो पुन्हा मोजावा लागतो. अनेक तलावांवर ही दोरी बांधलेलीच नसते. हा हलगर्जीपणा थांबायला हवा, कारण तिला खर्च तो काय!

सुरक्षेच्या दोन गोष्टींत मात्र तडजोड नको. जागतिक जलतरण महासंघाच्या नियमानुसार ब्लॉक असलेल्या टोकाला, भिंतीपासून एक ते सहा मीटरच्या टप्प्यात, पाणी किमान 1.35 मीटर खोल असावे लागते. सोसायटीच्या उथळ तलावात सूर मारण्याचा सराव घेणे म्हणजे मानेशी खेळ आहे. उडी पक्की नसेल तर पाण्यातूनच सुरुवात करू देता येईल का, हे आयोजकांना आधी विचारावे. दुसरी गोष्ट श्वास रोखण्याची. मोठे जलतरणपटू नियमाने 15 मीटरपर्यंत पाण्याखाली राहू शकतात, हे पाहून मुले पैजा लावतात. त्याआधी भराभर श्वास घेतला तर शरीरातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मग श्वासाची गरज जाणवायच्या आतच प्राणवायू संपतो आणि मूल पाण्याखाली बेशुद्ध पडते. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

पंचवीस मीटरच्या टँकमध्ये तयार झालेले मूल बालेवाडीसारख्या पन्नास मीटरच्या तलावात उतरते, तेव्हा सवयीच्या जागी भिंत येत नाही. टर्न कमी, म्हणून भिंतीला रेटून मिळणारा वेगही कमी. साहजिकच टायमिंग वाढते आणि पालकांना वाटते, पोर ढेपाळले. या दोन वेळांची तुलनाच होत नाही. शक्य असेल तर आदल्या दिवशी मुलाला त्या तलावात पोहू द्यावे. नवा गॉगल, नवा नाश्ता असले प्रयोग त्या दिवशी करू नयेत. दोन शर्यतींमध्ये अंग कोरडे आणि उबदार राहील असे पाहावे.

कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला आणि 2010च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने 50 मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. हे उदाहरण पालक आवर्जून देतात. त्यातून ‘लवकर जिंकलेच पाहिजे’ असा अर्थ काढणे मात्र मुलांवर अन्याय आहे. अकराव्या-बाराव्या वर्षी पदक बहुधा आधी उंच झालेल्या मुलाला मिळते. उशिरा वाढणारी मुले नंतर त्याला गाठतात, पण तोवर तलावावर टिकली तर! गावाकडे विहिरीत पांगारा किंवा सुका भोपळा बांधून शिकलेली कितीतरी मुले मान वर काढून पोहतात. खोल पाण्याची भीती त्यांना नसते. त्यांच्या पोहण्याला हसण्याऐवजी वर्षभर धीर धरला, तर शैली सुधारता येते.

जिल्हा संघटनांनी दोन गोष्टी याच हंगामापासून कराव्यात. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी, त्याच तलावावर, पंचांनी नवख्या मुलांकडून सुरुवातीची पूर्ण रीत एकदा करून घ्यावी. आणि बाद झालेल्या प्रत्येक मुलाला, ते पाण्याबाहेर येताच, बाद होण्याचे कारण त्याला समजेल अशा शब्दांत सांगावे.