खेळाचे देशीपण

भालचंद्र नेमाडे यांनी १९८० च्या दशकात देशीवादाची मांडणी केली, तेव्हापासून मराठी समीक्षेत 'देशी' आणि 'परके' ही जोडी सतत वावरते आहे. कादंबरी हा प्रकार आपला की उसना, मुक्तछंद कुणाचा, गझल मराठीची झाली की नाही, असे प्रश्न आम्ही मराठीचे अध्यापक दरवर्षी वर्गात विचारतो आणि विद्यार्थी ठरावीक गुणांसाठी ठरावीक उत्तरे लिहितात. या चर्चेत खेळाला मात्र कुणी फारसे बोलावत नाही. वास्तविक खेळ हाही एक आकृतिबंधच आहे. त्याला नियम असतात, मैदानाची चौकट असते आणि त्या चौकटीत माणसे आपापल्या स्वभावाने काही रचीत असतात. असा एखादा आकृतिबंध समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात गेल्यावर त्याचे काय होते, हे पाहिले तर साहित्यातल्या वादावरही थोडा उजेड पडेल, असे आम्हांस वाटते.

जपानच्या रग्बी संघाचे उदाहरण घेऊ. रग्बी हा फुटबॉलचाच इंग्लंडमध्ये वाढलेला एक प्रकार. चेंडू लंबगोल, तो हातात घेऊन पुढे पळता येते, परंतु सहकाऱ्याकडे हाताने फेकायचा झाल्यास मागेच फेकावा लागतो. एका बाजूला पंधरा खेळाडू. योकोहामा बंदरातील परदेशी मंडळी १८६० च्या दशकातच हा खेळ खेळत होती, परंतु तो त्यांच्या वस्तीपुरता होता. जपानी रग्बीचा आरंभ सामान्यतः १८९९ पासून धरतात. केंब्रिजमध्ये शिकलेले एडवर्ड क्लार्क आणि तानाका गिन्नोसुके यांनी त्या वर्षी तो केइओ येथील विद्यार्थ्यांना शिकवला. हा तपशील आम्हांस महत्त्वाचा वाटतो. तिकडे हा खेळ क्लबातून नव्हे, तर शिक्षणसंस्थेतून समाजात उतरला. पुढे विद्यापीठांच्या चुरशी, ओसाकाजवळच्या हानाझोनो मैदानावरील माध्यमिक शाळांची स्पर्धा आणि कारखान्यांचे संघ यांनी तो पोसला.

खेळ रुजला म्हणजे लगेच विजय मिळाले, असे मात्र नाही. १९९५ च्या विश्वचषकात न्यूझीलंडने जपानला १४५-१७ असे चिरडले होते. त्यानंतर वीस वर्षांनी, १९ सप्टेंबर २०१५ रोजी, इंग्लंडमधील ब्रायटन येथे त्याच जपानने दोन वेळच्या जगज्जेत्या दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असे हरवले. अखेरच्या क्षणी तीन गुणांची किक मारून बरोबरी साधणे शक्य होते. कर्णधार मायकेल लीच याने ती नाकारली, विजयासाठी डाव टाकला आणि तो साधला. २०१९ चा विश्वचषक जपानमध्येच झाला, तेव्हा आयर्लंड आणि स्कॉटलंड यांना नमवून हा संघ प्रथमच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला.

येथे देशीवादाच्या ढोबळ समजुतीला अडचण येते. लीच हा न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, फिजियन आईचा मुलगा. पंधराव्या वर्षी तो सप्पोरोच्या शाळेत शिकायला आला, तेथेच वाढला आणि २०१३ मध्ये जपानी नागरिक झाला. २०१९ च्या ३१ जणांच्या चमूत जवळपास निम्मे खेळाडू जपानबाहेर जन्मलेले होते. देशाकडून खेळण्यासाठी रग्बीत नागरिकत्वाची सक्ती नाही. ठरावीक वर्षांचे वास्तव्यही चालते. म्हणजे खेळ परका आणि खेळणारेही अर्धे परके. तरीही त्या संघाचे 'वन टीम' हे घोषवाक्य २०१९ मध्ये जपानात वर्षाचा शब्द म्हणून निवडले गेले. वंशशुद्धीविषयी हळव्या समजल्या जाणाऱ्या समाजाने या संघाला आपले म्हटले. देशीपण रक्तात शोधणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मग देशीपण शोधायचे कोठे? आमचे पहिले उत्तर भाषेत, असे आहे. सामना संपला की जपानी माणूस 'नो साइड' म्हणतो. हा मूळचा इंग्रजी शब्दप्रयोग. सामना संपला, आता बाजू उरल्या नाहीत, असा त्याचा आशय. इंग्रजीत तो जवळजवळ वापरातून गेला. जपानीत मात्र टिकला आणि त्याला नीतीचा अर्थ चिकटला. मूळ धन्याने टाकलेला शब्द ऋणकोने जपावा, याहून देशीकरणाची वेगळी खूण कोणती हवी? मराठीत क्रिकेटचे असेच झाले. फलंदाज, गोलंदाज, चौकार, षटकार, झेल ही क्रिकेटच्या मराठी वर्णनाची भाषा आता कुणाला भाषांतरित वाटत नाही. तीन दांड्या उडाल्या म्हणून 'त्रिफळा' हा आयुर्वेदातला शब्द उचलणाऱ्याची कल्पकता एखाद्या कवीपेक्षा कमी नव्हती. रग्बीला असा एकही शब्द मराठीने अजून दिलेला नाही.

तो का दिला नाही, याचे कारण इतिहासात आहे. आणि गंमत अशी की भारताचा आणि रग्बीचा संबंध जपानइतकाच जुना आहे. कलकत्त्याच्या इंग्रजांनी १८७३ मध्ये रग्बीचा क्लब काढला. पाच वर्षांत तो मोडला, तेव्हा बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून, ते रुपये वितळवून त्यांनी एक चषक घडवला. त्याचे कान नागांचे आणि झाकणावर हत्ती. तो 'कलकत्ता कप' त्यांनी इंग्लंडला पाठवला आणि १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड त्यासाठी झुंजत आहेत. नाग आपला, हत्ती आपला, रुपयाची चांदीही येथली. खेळणारा मात्र येथला कुणी नव्हता. मुंबईत १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याने रग्बी पुढे जोपासला. परंतु त्या जिमखान्याचे दार दीर्घकाळ गोऱ्यांपुरतेच होते. दाराबाहेर उभ्या असलेल्यांच्या भाषेत त्या खेळासाठी शब्द कोठून येणार?

यावर कुणी म्हणेल की हा दोष साम्राज्याचा, खेळाचा नव्हे. ते बरोबर आहे, पण पुरेसे नाही. क्रिकेटचेही दार बंदच होते. ते ठोठावले गेले. १९०६ मध्ये हिंदूंच्या संघाने युरोपियनांना हरवले, त्यात पळवणकर बाळू यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळूंना मैदानावर चेंडू मिळे. चहा मात्र वेगळ्या भांड्यात. गुणवत्ता असूनही त्यांना कर्णधारपद मिळाले नाही; ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. म्हणजे क्रिकेट देशी होताना त्याला दोन दारे उघडावी लागली. एक इंग्रजाचे आणि दुसरे आपल्याच घरातले. देशीवादाची चर्चा करताना हे दुसरे दार आपण सोयीने विसरतो.

खुद्द फुटबॉलच्या बाबतीत महाराष्ट्राजवळ कोल्हापूरचे उदाहरण आहे, आणि ते जपानी रग्बीच्या जोडीला बसवावे इतके नमुनेदार आहे. तेथील संघांची नावेच पाहा : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. तालीम ही कुस्तीची, लाल मातीची जागा. पेठेतल्या पोरांनी विलायती चेंडू त्या तालमीत नेला आणि तालमीच्या ईर्ष्येने तो खेळू लागली. शाहू स्टेडियममधील सामन्याला पेठाच्या पेठा लोटतात. कधी त्या ईर्ष्येतून हाणामारी होऊन खेळाला गालबोटही लागते. परंतु तो खेळ कुणी वरून लादलेला नाही, हे त्या गर्दीतच दिसते. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. जपानात शाळेने जे केले, ते कोल्हापुरात तालमीने केले. बाहेरून आलेल्या गोष्टीला आधीपासून जिवंत असलेल्या एखाद्या संस्थेत जागा मिळाली, तरच ती रुजते.

उलट दिशेचा प्रवासही लक्षात घ्यावा. आपल्या हुतूतूला नियमांत बसवून कबड्डीचे आजचे रूप देण्यात महाराष्ट्रातील व्यायामसंस्थांचा मोठा हात आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिची प्रात्यक्षिके केली होती. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, तेव्हा जपानचाही संघ होता. २०१० मध्ये ग्वांगझू येथे त्याच जपानने कांस्यपदक मिळवले. पुढे २०१८ मध्ये जकार्ता येथे इराणने पुरुष व महिला ही दोन्ही सुवर्णपदके नेली, तेव्हा आपल्याकडे 'आमचा खेळ गेला' असा सूर निघाला. आमच्या मते तो खेळ गेला नव्हता, मोठा झाला होता. शिरीष पै यांनी जपानी हायकू मराठीत आणला आणि मराठी कवींनी तो अक्षरांच्या हिशेबात फार न अडकता आपल्या पावसापाण्याचा केला, तेव्हा जपानी माणसाचे काही हरवले का? देणारा दरिद्री होत नाही, अशा या थोड्या व्यवहारांपैकी हा एक आहे.

हे सारे लोह्यात बसून लिहिण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील. प्रयोजन आहे. आमच्या तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. तेथील कुस्त्यांच्या फडाभोवती माणसांची जी दाटी होते, तिला कुणी प्रमाणपत्र देत नाही. आमच्या शाळा-महाविद्यालयांत मात्र नवा खेळ बहुधा प्रमाणपत्राच्या वाटेने येतो. खेळाडूंना दहावी-बारावीत वाढीव गुण आहेत, शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. तरतूद योग्यच आहे; कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला तेवढीच एक फट उघडी दिसते. परंतु त्यामुळे खेळ निवडताना 'यात चुरस किती' असे विचारण्याऐवजी 'यात स्पर्धक किती कमी' असे विचारले जाऊ लागले आहे. ज्या खेळाचा चेंडू गावाने पाहिलेला नाही, त्याचे प्रमाणपत्र गावात असते. साहित्याच्या वर्गातही आम्ही हेच पाहतो. सुनीताची लक्षणे पाठ असतात, सुनीत एकही वाचलेले नसते. हा परकेपणाचा खरा प्रकार. तो इंग्लंडहून आलेला नाही, आम्हीच येथे तयार केलेला आहे.

रग्बीपुरते बोलायचे तर दार आता किलकिले झाले आहे. भारताच्या पुरुष संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९९८ मध्ये झाला. महिलांचा पंधरा जणींचा संघ २०१८ मध्ये प्रथम मैदानात उतरला आणि पुढच्याच वर्षी मनिला येथे त्याने सिंगापूरला २१-१९ असे हरवले. निर्णायक किक ओडिशाच्या सुमित्रा नायक हिची होती. जिमखान्यातला खेळ आदिवासी मुलींच्या वसतिगृहांपर्यंत गेला, ही गोष्ट लहान नाही. २०२५ मध्ये मुंबईत अंधेरी येथे रग्बीची व्यावसायिक लीगही झाली. परंतु लीग हा कळस आहे. पाया शाळेच्या पटांगणात असतो, आणि आमच्याकडे पटांगणेच आक्रसत चालली आहेत.

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर कामाइशी नावाचे लहान गाव आहे. तेथील पोलाद कारखान्याच्या संघाने १९७९ ते १९८५ अशी सलग सात वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद राखले होते. २०११ च्या त्सुनामीत गाव उद्ध्वस्त झाले. ज्या जागेवरच्या दोन शाळा पाण्याने नेल्या, तेथेच पुढे मैदान बांधले गेले आणि २०१९ च्या विश्वचषकातला फिजी-उरुग्वे सामना तेथे झाला. घरे उभारायची असताना मैदान कशाला, असा प्रश्न तेथेही निघालाच असणार. तरीही त्यांनी ते बांधले, कारण तो खेळ त्यांच्या आठवणींचा भाग झाला होता. इंग्लंडात जन्मलेल्या खेळासाठी शोकाच्या जागी मैदान बांधावेसे वाटणे, याला आम्ही देशीपण म्हणतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : खेळ असो वा काव्यप्रकार, तो कोठून आला हे विचारण्यात वेळ दवडू नये. तो कुणाला खेळता येतो, कोणत्या संस्थेत तो राहतो, आपल्या भाषेने त्याला किती शब्द दिले, आणि प्रमाणपत्र मिळणार नसले तरी संध्याकाळी त्यासाठी मुले जमतात का, हे विचारावे. कबड्डीत चढाईवाल्याचा घोटा धरून ठेवणाऱ्या आमच्या मुलींना रग्बीतली पकड समजावून सांगण्यास अर्धा तास पुरेल. चेंडू मिळाला की त्याला नाव त्या स्वतःच ठेवतील, आणि तो शब्द शब्दकोशात घालण्याचे काम आम्ही मराठीचे अध्यापक आनंदाने करू.