जिब्राल्टरचा बोगदा: रील खोटी, प्लॅन खरा

काचेच्या नळीतून ट्रेन चाललीय, बाजूने मासे पोहतायत, खाली लिहिलंय 'युरोप ते आफ्रिका'. अशी एखादी एआय रील तुमच्याही फीडमध्ये आली असेल. चित्र खोटं आहे, पण प्रस्ताव खरा आहे आणि चांगलाच जुना. स्पेन आणि मोरोक्कोने 1979 मध्येच यावर एकत्र अभ्यास करायचं ठरवलं होतं.

आता मॅप उघडा. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 14 किमी आहे. मग समुद्राखालचा बोगदा 28 किमीचा कशाला? कारण त्या अरुंद जागी पाणी सुमारे 900 मीटर खोल आहे. आणि ट्रेनला घाटातल्या बाईकसारखा तीव्र चढ जमत नाही. 100 मीटरला 3 मीटर उतार धरला, तरी 900 मीटर खाली उतरायलाच 30 किमी लागतील. वर यायला तेवढेच! म्हणून पश्चिमेकडे, कामारिनाल नावाचा समुद्रतळाचा उंचवटा आहे तिथला मार्ग निवडलाय. तिथे पाणी साधारण 300 मीटर.

हेही काही कमी नाही. दर 10 मीटरला पाण्याचा दाब हवेच्या दाबाइतका वाढतो, म्हणजे तळाशी तो 30 पट जास्त. आपले 'वॉटरप्रूफ' फोन काही मीटरांतच हात टेकतात. त्यात तळाखाली काही पट्ट्यांत चिकणमाती मिसळलेला फुटका खडक आहे. माझ्या मते खरी अडचण हीच.

बाय द वे, दोन खंडांना जोडणारी समुद्राखालची रेल्वे आधीच आहे: इस्तंबूलची मारमारे, 2013 पासून. पण तिथे तयार नळ्या तळाच्या चरात बसवल्या. इथे एवढ्या खोलीवर ते जमणं कठीण, खोदावंच लागेल.

2030 चा फुटबॉल वर्ल्ड कप स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोत आहे, त्यामुळे चर्चा पुन्हा तापलीय. तोवर बोगदा होईल असं कुणी सांगितलं, तर सरळ स्क्रोल करा. मोरोक्कोची बाजू मात्र तयार होतेय. टँजियरहून 320 किमी वेगाची ट्रेन 2018 पासून धावते.

आणि बोगदा झाला तरी व्हिसा लागणारच. या सामुद्रधुनीखालून वीज आणि गॅस कधीचे ये-जा करतायत. मोरोक्कोतल्या तरुणाला मात्र स्पेनच्या फेरीत चढण्याआधी व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागतं.