एका आसनाचे विमान, नियम मात्र मोठ्या विमानांचे

चंदगड : कोकणातून येणारा वारा पारगडच्या कड्यावर आदळून वर चढतो. इंजिनाविना तरंगणाऱ्या ग्लायडरला असाच चढता वारा लागतो. प्रश्न आहे तो वारा पडल्यावर उतरायचे कोठे, हा. तालुक्यात एकीकडे दाट जंगल, दुसरीकडे भाताची खाचरे आणि उसाचे फड. चंदगडहून बेळगावजवळच्या सांबऱ्याची धावपट्टी सरळ रेषेत सुमारे 45 किलोमीटर, तर कोल्हापूरची उजळाईवाडी सुमारे 80 किलोमीटर. एक मीटर खाली येताना वीस मीटर पुढे जाणारा ग्लायडर एक हजार मीटर उंचीवरून, स्थिर हवेत, 20 किलोमीटरच कापतो. उरलेल्या अंतरासाठी छोटे इंजिन हवे. मोटर ग्लायडरची कल्पना ती हीच.

आराखड्याचा खरा झगडा वजनाशी असतो. लांब, अरुंद पंखांमुळे हवेचा अवरोध घटतो. पण पंख लांबला की त्याच्या मुळाशी येणारा ताण वाढतो, आतील तुळई जाड करावी लागते आणि वाचवलेले वजन परत येते. दुसरे आसन वगळले की केवळ एका माणसाचा भार कमी होत नाही, तर तो पेलणारा सांगाडा आणि इंजिनही लहान होते. इंजिन बंद असताना पंख्याची पाती मिटतील, अशीही सोय करावी लागते.

हे ज्ञान भारताला नवे नाही. मुलकी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्राने आखलेला ‘कार्तिक’ हा 15 मीटर पंखविस्ताराचा एकआसनी ग्लायडर 1963 मध्येच उडाला होता. पुढे 2015 मध्ये मात्र 194 हलक्या विमानांची मागणी स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीकडे नोंदवण्यात आली. त्या विमानाचे मूळ याच कंपनीच्या ‘सायनस’ या मोटर ग्लायडरमध्ये आहे, हे विशेष!

घरी विमान बांधणाऱ्याची वाट कशी असते, हे कॅप्टन अमोल यादव यांच्या उदाहरणातून दिसले. मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेले त्यांचे सहाआसनी विमान 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले. नोंदणी मिळाली नोव्हेंबर 2017 मध्ये, उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये. सहाआसनी विमानाबाबत कठोर तपासणी समजण्याजोगी आहे. पण स्वतःच्याच जोखमीवर उडणाऱ्या एकट्या माणसाला तीच वाट का?

अमेरिकेत 1982 पासून रिकामे वजन सुमारे 115 किलोपर्यंत असलेल्या एकआसनी इंजिनयुक्त विमानाला नोंदणी वा वैमानिक परवाना लागत नाही; दाट वस्तीवरून उडण्यास मात्र मनाई आहे. ब्रिटनने 2014 मध्ये एकआसनी मायक्रोलाइट विमानांना उड्डाणयोग्यतेच्या सरकारी तपासणीतून मोकळे केले, वैमानिकाचा परवाना मात्र कायम ठेवला. दाट लोकवस्तीच्या आपल्या देशाला अमेरिकी मोकळीक परवडणारी नाही. ब्रिटिश पद्धतीचा विचार करण्यास मात्र हरकत नसावी.