पिकअप बदलण्याआधी स्क्रूड्रायव्हर उचला

परवा कॅंटीनमध्ये एका मित्राने चहा बाजूला ठेवून फोन पुढे सरकवला. कार्टमध्ये गिटारचे पिकअप, बिल वीस हजारांच्या वर. "घेऊ ना?"

गिटार म्हणजे त्याच्या मामाने नव्वदच्या दशकात मस्कतहून आणलेली, कोरियन बनावटीची स्ट्रॅटोकास्टरची नक्कल. मामा आता नाही. गिटार बरीच वर्षं माळ्यावर होती. आता तिचा आवाज "पातळ" वाटतो, म्हणून साहेबांना ब्रिजपाशी जाडजूड हंबकर हवाय. "त्यासाठी आतलं लाकूड थोडं कोरावं लागेल, एवढंच."

एवढंच?! अरे बाबा, कोरलेलं लाकूड परत येत नाही. तिथे अनडू नाही.

मंडळी, जुनी गिटार हातात आली की पहिल्याच आठवड्यात पिकअप बदलायचे, ही जी फॅशन झालीय ती मला साफ अमान्य आहे. ऑफिसात कोणी प्रोफायलर न लावता अख्खं मॉड्यूल पुन्हा लिहायला घेतलं तर आपण त्याला रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो. आणि घरी येऊन गिटारच्या बाबतीत नेमकं तेच करतो!

पिकअप म्हणजे काय? चुंबक, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पण हे सर्किट तिथे संपत नाही. व्हॉल्यूम-टोनचे पॉट आणि तुमची केबल, दोन्ही त्याचाच भाग. कॉइलचं इंडक्टन्स आणि केबलचं कपॅसिटन्स मिळून एक रेझोनन्स तयार होतो, आणि आपण ज्याला 'टोन' म्हणतो त्यातला मोठा हिस्सा तिथे ठरतो. गणित बारावीचंच आहे. साधारण 2.4 हेन्रीचा सिंगल कॉइल, मीटरमागे 100 पिकोफॅरडची केबल आणि कॉइलचे स्वतःचे 100 पिकोफॅरड धरा. 3 मीटरच्या केबलला हे शिखर 5,100 हर्ट्झच्या आसपास येतं. तीच केबल 6 मीटरची केली की 3,900! म्हणजे काहीशे रुपयांच्या केबलने आवाज इतका सरकतो, आणि आपण वीस हजार मोजायला निघालोय.

म्हणून आधी ही कामं करा. तारा नव्या घाला. शेवटचा फ्रेट दाबून पिकअपची उंची मोजा: जाड तारेकडे 2.4 मिलिमीटर, बारीक तारेकडे 2, इथून सुरुवात करा. फार जवळ असेल तर चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर डळमळतो. फार लांब असेल तर आवाज पातळ. मग केबल लावा, पूर्ण व्हॉल्यूमवर तिच्या दुसऱ्या टोकाला मल्टीमीटर धरा. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलला 6 किलोओहमच्या आसपास आकडा आला तर बहुधा कॉइल धडधाकट आहे. नुसतेच पॉटचे दोनेकशे किलोओहम दिसले तर कुठेतरी तार किंवा सोल्डर तुटलंय. मग डागणी हातात घ्या किंवा कॉइल रीवाइंड करून घ्या.

"पण कानाला कळतं ना, आकडे कशाला?" हा नेहमीचा युक्तिवाद. मान्य, निवाडा कानाचाच. पण वीस हजार मोजल्यावर कान न्यायाधीश राहत नाही, वकील होतो. आणि जाहिराती तरी काय सांगतात? 'क्रीमी', 'वॉर्म', 'व्हिंटेज'. गिटार आहे की श्रीखंड?

हे सगळं मी साळसूदपणे सांगतोय असं समजू नका. कॉलेजात असताना मी स्वतःच्या गिटारला हेच केलं. लाकूड कोरलं, जुने पिकअप विकले, दणकट हंबकर बसवला आणि पॉट मात्र जुने 250 किलोओहमचेच ठेवले. हंबकरला सहसा 500 लागतात, नाहीतर वरचे सूर दबतात. आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा झाला आणि मी दोन वर्षं पिकअपला शिव्या देत बसलो. गिटार आजही आहे, तिचा मूळ आवाज नाही.

म्हणजे पिकअप कधीच बदलू नये? तसं नाही. एडी व्हॅन हेलनने गिब्सनचा जुना हंबकर काढून स्ट्रॅटच्या आकाराच्या गिटारमध्ये बसवलाच की! पण काय हवंय ते त्याला नेमकं ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक असेल तर जरूर बदला. घुंई आवाज नको असेल तर आधी घरातलं अर्थिंग आणि गिटारचं शील्डिंग तपासा. मग सिंगल कॉइलच्याच मापात बसणारे हंबकर मिळतात, लाकडाला हात लावायची गरज नाही. निवडताना नुसता ओहमचा आकडा बघू नका. 42 ऐवजी 43 गेजची बारीक तार वापरली की तेवढ्याच वेढ्यांना रेझिस्टन्स वाढतो, ताकद नाही. कंपनीने इंडक्टन्स दिलं असेल तर ते बघा. 2.4 हेन्रीच्या जागी 8 हेन्री आलं तर शिखर जवळजवळ निम्म्यावर येतं आणि चमक जाते, मग विशेषणं काहीही असोत. आणि जुने पिकअप विकू नका. डबीत घालून, तारीख लिहून ठेवा.

असो. रविवारी मित्र गिटार घेऊन घरी आला. ब्रिजचा पिकअप जवळजवळ पिकगार्डला टेकला होता. दोन स्क्रू फिरवले, नव्या तारा घातल्या, टोनच्या पॉटवर क्लीनर मारला. त्याने एक कॉर्ड वाजवली, मग दुसरी. थोडा वेळ काहीच बोलला नाही.

"मामा असंच वाजवायचा," म्हणाला.

कार्ट त्याने अजून रिकामी केलेली नाही म्हणे. पण लाकूड शाबूत आहे :)