उंदराचे चित्र आणि परभणीचे अंतर

कर्करोगावरचे नवे औषध माणसाच्या आधी उंदराला देऊन पाहतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. ते औषध उंदराच्या शरीरात नेमके कुठे पोहोचले, हे शोधण्याची जुनी रीत मात्र निष्ठुर होती. पहिल्या दिवशी काही उंदीर मारायचे, तिसऱ्या दिवशी आणखी काही, आठव्या दिवशी उरलेले. आणि प्रत्येक वेळी अवयव काढून मोजदाद करायची.

आता औषधाला किरणोत्सारी अणूची खूण जोडतात आणि जिवंत प्राण्यातून बाहेर पडणारे गॅमा किरण टिपून चित्र तयार करतात. रुग्णालयातल्या गॅमा कॅमेऱ्याचे तत्त्व हेच. अडचण मापाची असते. उंदराचे वजन असते पंचवीस-तीस ग्रॅम आणि त्याचे हृदय जेमतेम हरभऱ्याएवढे! म्हणून छोट्या प्राण्यांच्या 'स्पेक्ट' यंत्रात जड धातूच्या पडद्याला बारीक छिद्रे ठेवतात. त्यांतून मोठी होऊन उमटलेल्या प्रतिमेत मिलिमीटरहून लहान तपशीलही दिसतो. एकच उंदीर अनेक आठवडे तपासता येतो. जीव कमी जातात आणि निष्कर्षही अधिक भरवशाचे निघतात.

टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील 'अॅक्ट्रेक' संस्थेत छोट्या प्राण्यांच्या अशा चित्रणाची सोय आहे. मग परभणीत का नसावी, हा माझा प्रश्न आहे. इथे 1972 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. प्राण्याला भूल कशी द्यावी, त्याचे दुखणे कसे ओळखावे, हे जाणणारी माणसे तिथे घडतात. कुत्र्यांना स्तनाचे कर्करोग आपसूक होतात. प्रयोगशाळेत मुद्दाम गाठ रुजवलेल्या उंदरापेक्षा त्यांचा आजार माणसाच्या आजाराशी अधिक जुळतो.

मुंबई फार दूर आहे, हे उत्तर यावर हमखास मिळते. ते तपासून पाहू. 'पेट' चित्रणातील फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मे होते. दहा तासांच्या प्रवासानंतर शंभरातले दोन-तीन भागच शिल्लक राहतील. इथे अंतराची सबब खरी आहे.

'स्पेक्ट'साठी लागणाऱ्या टेक्नेशियमचे तसे नाही. तेही सहा तासांत निम्मे होते. पण त्याचे मूळ असलेले मॉलिब्डेनम-99 निम्मे व्हायला 66 तास घेते. म्हणून मॉलिब्डेनम भरलेले जनित्रच रुग्णालयांना पाठवतात. दहा तासांनीही त्यातला नव्वद टक्के माल शाबूत असतो. नवी मुंबईतील 'ब्रिट' ही सरकारी संस्था अशी जनित्रे पुरवते. या जनित्राला शास्त्रज्ञ गमतीने 'गाय' म्हणतात, कारण त्यातून रोज टेक्नेशियमची धार काढता येते. गोठ्याची सवय असलेल्या मराठवाड्याला हे वेगळे समजावून सांगायला नको!

खर्च मोठा आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागेल, प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती लागेल, प्रशिक्षित माणसे लागतील. हे अडथळे खरे आहेत. पण ते पैशाचे आणि इच्छेचे आहेत, किलोमीटरचे नव्हेत. आमच्या जिल्ह्यातले रुग्ण उपचारासाठी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतात. त्या उपचारांमागच्या संशोधनात जिल्ह्याचा वाटा फक्त रुग्ण पाठवण्यापुरताच राहावा काय? परभणीने निदान हा प्रश्न अंतराच्या नावाखाली मिटू देऊ नये.