रक्कम डोक्यात राहील, क्रम राहणार नाही

“सर, माझं सगळं डोक्यात आहे.” भोकरपासून मुदखेडपर्यंत कुठल्याही बाजारपेठेत जा, हे वाक्य ऐकायला मिळतंच. रक्कम डोक्यात राहते, मान्य. पण कशाच्या आधी काय झालं, हे डोकं नीट धरून ठेवत नाही. आणि मित्रांनो, उधारीची बरीच भांडणं रकमेवरून नाही, क्रमावरून पेटतात.

कृषी सेवा केंद्राचं उदाहरण घ्या. जूनमध्ये सोयाबीनचं बियाणं उधार गेलं, जुलैत खत, ऑगस्टमध्ये फवारणीचं औषध. मधे कधीतरी शेतकऱ्यानं 5,000 रुपये दिले. दिवाळीला हिशोबाला बसलं की तो म्हणतो, “औषध नेलं तवाच दिले की भाऊ.” तुम्ही म्हणता, “ते तर बियाण्याचे, आधीच जमा धरले.” गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नसतात.

मेंदूत तारखेचा शिक्का मारायची सोय नाही. हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात काही पेशी ठरावीक क्रमानं एकामागून एक चेततात. बोस्टन विद्यापीठात हॉवर्ड आयकेनबॉम यांच्या गटानं 2011 मध्ये उंदरांवर हे दाखवलं, त्यांना ‘टाइम सेल्स’ म्हटलं. पण तो खेळ सेकंदांचा. 2018 मध्ये नॉर्वेत मोझर यांच्या गटाला त्याच्या शेजारच्या भागात आणखी एक गोष्ट सापडली. उंदीर मोकळे फिरताना तिथल्या पेशींचा सिग्नल सतत बदलत राहायचा, त्यावरून वेळेचा माग लागायचा. त्यांना त्याच वाटेनं फेऱ्या मारायला लावल्या, तर कितवी फेरी हे ओळखणं अवघड झालं.

आता सांगा, गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचं काय वेगळं असतं? तोच काउंटर, तीच पोती, तेच गिऱ्हाईक. माझ्या मते म्हणूनच जुलैचा मंगळवार आणि ऑगस्टचा मंगळवार आपल्या डोक्यात एकमेकांत मिसळतात.

आपल्या मराठवाड्यातली म्हातारी माणसं यावर उपाय करतातच. “बहात्तरच्या दुष्काळाआधी”, “भूकंपानंतर” असं सांगतात. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट दुसऱ्या कुठल्याच पहाटेसारखी नव्हती, म्हणून ती खुंटी पक्की. मात्र खताच्या दोन पोत्यांसाठी अशी खुंटी कुठून आणणार?

कायद्यालाही क्रम लागतो. भारतीय करार अधिनियम, 1872 बघा. पैसे कोणत्या देण्यापोटी आहेत हे देणाऱ्यानं सांगितलं तर तसं. नाही सांगितलं तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही काही ठरवलं नाही, तर कलम 61 प्रमाणे जुन्या देण्यापासून कालक्रमानं वळते होतात. मुदत ठरवून न दिलेल्या उधारीच्या मालाची किंमत मागायला दिवाणी दावा साधारणपणे माल दिल्यापासून 3 वर्षांत लावावा लागतो. तारीखच नसेल तर 3 वर्षं मोजणार कुठून?

मग ॲप वापरा की, असं काहीजण म्हणतील. वापरा ना, जरूर. पण रात्री दुकान बंद केल्यावर आठवून नोंदी टाकत असाल, तर ॲप तुम्ही बटण दाबल्याची वेळ लिहितं, माल गेल्याची नाही. यूपीआयचंही तसंच, पैसे कधी आले ते कळतं, कशाचे ते नाही.

म्हणून माझा हट्ट रोजकीर्दीचाच. आपल्याकडे बरेच दुकानदार थेट खतावणी लिहितात, गिऱ्हाइकाच्या नावाचं पान काढायचं आणि जागा सापडेल तिथं आकडा टाकायचा. जुने व्यापारी आधी रोजकीर्द लिहायचे आणि त्यावरून खतावणी उतरवायचे, डोकं तल्लख असूनही. गिऱ्हाईक काउंटरवर असतानाच तारीख, माल, रक्कम एका ओळीत लिहा. पैसे आले तर ‘बियाण्यापोटी’ की ‘खतापोटी’ हा शब्द त्याच्यासमोर टाका आणि तिथंच त्याची सही घ्या.