शेवटी चाललं ना?

"शेवटी कोड चालला ना? मग मधल्या कमिट्सशी काय देणंघेणं?" पुण्यातल्या मित्रांशी बोलताना हे वाक्य हमखास येतं, आणि पाठोपाठ दुसरं: "तू बॉनला जाऊन पक्का जर्मन झालास." मंडळी, आज दोन्हींचा समाचार घ्यायचा आहे.

ज्यांचा हा धंदा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोग्राममधल्या प्रत्येक बदलाची इतिहासात नोंद होते, ती कमिट. महिन्यापूर्वी चालत होतं, आज चालत नाही, आणि मध्ये हजार कमिट्स. गिटमधली 'बायसेक्ट' आज्ञा बरोबर मधली कमिट काढून देते. ती चालली तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही चालली तर ती स्वतः किंवा तिच्या आधीची कुणी. शब्दकोशात शब्द शोधतो तसंच. हजारातून गुन्हेगार गाठायला साधारण दहा चाचण्या पुरतात!

अट एकच. मधली प्रत्येक कमिट स्वतःच्या पायावर उभी हवी. सोमवारी फंक्शनचं नाव बदललं आणि ते वापरणाऱ्या फायली बुधवारी दुरुस्त केल्या, तर मंगळवारचं काहीच कंपाइल होत नाही. अशा कमिट्स वगळता येतात, पण मग उत्तर मिळू शकतं "या चाळिसांपैकी कुठली तरी एक". त्याहून वाईट म्हणजे कंपाइल होतं, पण भलत्याच कारणाने कोसळतं. चाचणीची स्क्रिप्ट त्यालाही बिघाड समजते आणि निरपराध कमिटला पकडून देते.

म्हणून क्रम. आधी जुन्या कोडची मांडणी बदला, वागणूक तीच ठेवून. मग नवी सोय जोडा, मग वापरणारे एकेक करून तिकडे हलवा, जुनं सगळ्यात शेवटी काढा. नवी सोय ज्या जुन्या दोषावर आपटणार आहे, त्याची दुरुस्ती तिच्याआधी. फोडणी तडतडल्यावर कुणी कांदा चिरायला बसत नाही.

काही हुशार म्हणतात, सगळं एकाच कमिटमध्ये कोंबू, प्रश्नच मिटला. मग बायसेक्ट तत्परतेने सांगेल की दोष या तीन हजार ओळींत आहे. धन्यवाद!

आता जर्मनपणा. मालिकेतल्या प्रत्येक पॅचनंतर कर्नल बांधला गेला पाहिजे आणि नीट चालला पाहिजे, हा लिनक्सचा लेखी नियम आहे, आणि तिथे कारण बायसेक्टचंच दिलंय. २००५ मध्ये गिट सुरू करणारा लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकीचा. इथल्या जर्मन सहकाऱ्यांच्या कमिट्सही मी पाहिल्यात: 'दुरुस्ती', 'दुरुस्ती २', 'आता खरंच दुरुस्ती'. शिस्त रक्तात असते म्हणणाऱ्यांनी त्या एकदा वाचाव्यात :)

आणि इतिहास चाळून घुसखोर शोधणं पुण्याला परकं कधीपासून झालं? भांडारकर संस्थेच्या पंडितांनी १९१९ ते १९६६ महाभारताची हस्तलिखितं ताडून मागाहून घुसलेले श्लोक वेगळे काढले. त्यांच्यासाठी कुणी तारीखवार नोंद ठेवली नव्हती. आपल्याकडे ओळ न् ओळ नोंदलेली असते, आणि आपण तिचाच चिखल करतो.

राहिली "वेळ कुठे आहे?" ही सबब. काम करताना हवा तसा पसारा करा, कोण बघतंय? दुसऱ्यांना देण्याआधी रिबेस करून क्रम लावा, आणि रिबेसलाच सांगा की प्रत्येक कमिटनंतर कंपाइल करून चाचणी चालव. जिथे मोडेल तिथे ते थांबतं. संध्याकाळी लावून घरी जायचं, सकाळी चहा घेताना कुठे अडलंय ते बघायचं.